वालधुनीकाठची घरटी

अंबरनाथजवळ काकोळ्याच्या डोंगरात वालधुनी नदी निर्मळ असते. जीआयपी रेल्वेनं तिथं बांधलेल्या धरणाचं पाणी एकेकाळी वाफेच्या इंजिनांना जाई. पुढं ती अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरात शिरते आणि कल्याणला खाडीला मिळते. शिलाहारांच्या त्या मंदिरातला शिलालेख 1060 सालचा. म्हणजे जवळपास हजार वर्षं हिच्या काठी माणसांची ये-जा आहे. तिचं गटार मात्र कारखान्यांनी आणि शहरांच्या सांडपाण्यानं काही दशकांतच केलं.

2013 मध्ये ‘वनशक्ती’ ही संस्था या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरात नदीत रसायन ओतलं गेलं आणि शेकडो माणसं गुदमरून रुग्णालयात पोचली. 2015 मध्ये लवादानं सुमारे 95 कोटींचा दंड ठोठावला. या वर्षांत आपण बोललो ते पाण्याबद्दल, माशांबद्दल, माणसांबद्दल. काठावरच्या घरट्यांपर्यंत आपलं बोलणं पोचलं नाही, याची मला खंत वाटते.

प्रदूषणाचा घरट्यांवर काय परिणाम होतो, याचा माग दुसरीकडे काढला गेलाय. फिनलंडमधल्या हार्यावाल्टा गावी 1945 पासून तांबं वितळवण्याचा कारखाना आहे. तुर्कू विद्यापीठाच्या तापिओ एवा यांनी आसपासच्या रानात लाकडी पेट्या टांगून माशीमार आणि वल्गुली पक्ष्यांची वीण वर्षानुवर्षं नोंदवली. कारखान्याजवळ माशीमारांच्या अंड्यांची कवचं पातळ, पिल्लांची हाडं कमकुवत. कारण नुसतं धातूंचं विष नव्हतं. आम्ल झालेल्या मातीत गोगलगायी फारशा उरत नाहीत आणि मादीला कवचासाठी लागणारा चुना पुरेसा मिळत नाही. पुढं धूर आटोक्यात आला तशी माशीमारांची वीण सुधारली. 2000 साली ‘नेचर’नं ती नोंद छापली. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळच्या धातू कारखान्यापाशी तर वल्गुली कमी गाताना आढळल्या.

आपल्याकडे मार्च लागला की दयाळाचा नर पहाटे उंच फांदीवर बसून शीळ घालतो. मादी झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या भोकात निळसर-हिरवी, तपकिरी ठिपक्यांची अंडी घालते. पिल्लांसाठी किडे ती बहुतेक जमिनीवरून टिपते. वालधुनीकाठच्या चिखलात जे मुरलंय, ते किड्यांतून पिल्लांच्या चोचीत जाऊ शकतं.

फिनलंडच्या रानात जे जमलं ते इथंही जमेल, त्याला मोठा खर्च नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या शाळा-कॉलेजांनी एमआयडीसीच्या कडेला आणि काकोळ्याच्या रानात, दोन्हीकडे दयाळासाठी पेट्या टांगाव्यात, अंडी न हाताळता मोजावीत, किती पिल्लं उडाली ते दरवर्षी वहीत लिहावं. येत्या मार्चपासूनच सुरुवात करा.