मटण महागलं, तरी सिगडी पेटू द्या!

मंडळी, बऱ्याच ठिकाणी मटण किलोला ७०० रुपयांच्या पुढे गेलंय. तरी घरचं बार्बेक्यू बंद करायचं काहीच कारण नाही, फक्त खरेदी बदला.

पहिली गोष्ट, बोनलेस चिकन घेऊ नका. अख्खी कोंबडी घ्या आणि दुकानातच तुकडे करून मागा. तंगडी आणि मांडी निखाऱ्यावर रसदार राहतात, छातीचं मांस मात्र पटकन कोरडं पडतं. ते कापून बिर्याणीला ठेवा. पाठ आणि मानेच्या हाडांचं सूप करा.

मटणच हवं असेल तर चापांचा हट्ट सोडा, खिमा घ्या. खाटकाला थोडी चरबी घालून दोनदा काढायला सांगा. त्यात भाजलेल्या डाळ्याचं पीठ, आलं-लसूण, हिरवी मिरची आणि घट्ट पिळलेला कांदा घाला. कांद्यात पाणी राहिलं तर कबाब सळईवरून घसरतो, हे विसरू नका. अर्धा किलोत चार-पाच जणांचं भागतं.

खांद्याचं मांस घेतलंत तर किलोला चमचाभर कच्च्या पपईचा गर चोळा. पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं, म्हणून दोन-तीन तास पुरेत. रात्रभर ठेवलंत तर मांसाचा लगदा होतो.

आणि वेळ साधा. गटारीच्या आठवड्यात मागणी चढलेली असते, श्रावणात चिकनची मागणी उतरते. ज्यांच्याकडे श्रावण पाळत नाहीत, त्यांनी तेव्हाच फ्रीजर भरून घ्यावा.

तुमच्या गावात सध्या काय भाव आहे? कमेंटमध्ये नक्की सांगा.