काळी पडलीस गं!

वेळणेश्वरच्या समुद्रावरून पोर घरी आली की आपणच म्हणतो, 'काळी पडलीस गं!' मग ती गुपचूप गोरेपणाची क्रीम शोधते. पालकहो, उन्हात त्वचेतले मेलॅनिन वाढते, तेच तिचे रक्षण करते. तो काही रोग नव्हे. पारा असलेल्या क्रीममुळे अकोल्यातील एकाच घरच्या तिघींची मूत्रपिंडे बिघडल्याची बातमी २०२३ साली आली होती.

दहा-बारा वर्षांच्या वयात तैलग्रंथी जाग्या होतात, मुरुमे येतात. ती फोडू नयेत, डाग राहतात. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने तोंड धुतले की पुरे. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ घालावी. मुरुमांवर खोबरेल चोपडू नये (हे आमच्या आईला अजून पटलेले नाही!). मुरुमे दुखू लागली तर सरकारी दवाखान्यात दाखवावे.