जुन्या गाडीचं जतन : लेखांक ७ – इंजिन ऑइल

मागच्या आठवड्यात रेडिएटर पाहिला. आज इंजिन ऑइल, आणि उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी. मुंबईत काळी-पिवळी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण हौसेनं जपलेल्या पद्मिन्या अजून कितीतरी घरांत आहेत. त्यांचे मालक हटकून विचारतात, ‘महागातलं नवं सिंथेटिक टाकू का?’

किंमत बाजूला ठेवा, आधी डब्यावरचे आकडे वाचा. २०डब्ल्यू-५० मधला पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो; दुसरा, इंजिन तापल्यावर किती दाट राहतं ते. ०डब्ल्यू-२० सारखी पातळ तेलं आजच्या इंजिनांसाठी काढलेली आहेत. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन त्या घडणीचं नाही, त्यात वर्षानुवर्षांच्या झिजेनं बेअरिंगमधल्या फटी वाढलेल्या. पातळ तेल तिथून निसटतं, प्रेशर पडतं आणि सिग्नलला उभं असताना ऑइलचा दिवा लुकलुकायला लागतो. आपल्याकडच्या हवेत २०डब्ल्यू-५० निर्धास्त टाकावं. ते सिंथेटिकच हवं असं नाही; मिनरल पुरतं.

दाट तेलाचा आणखी एक फायदा आहे, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. या इंजिनात कॅमचा उंचवटा सपाट टॅपेटवर घासत फिरतो. नखाएवढ्या जागेवर व्हॉल्व्ह स्प्रिंगचा सगळा जोर येतो. तेलाचा थर तिथं तुटला, तर धातू वाचवतो तो झिंक आणि फॉस्फरसच्या रसायनाचा पापुद्रा. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून नव्या मानकांत पातळ ग्रेडच्या तेलांत त्याचं प्रमाण ०.०८ टक्क्यांवर रोखलं आहे. २०डब्ल्यू-५० ला ही अट लागू नाही. बहुतेक पद्मिन्यांना कन्व्हर्टरच नाही, मग ही कपात आपण का सोसायची?

फक्त रविवारी निघणाऱ्या गाडीचं तेल किलोमीटर मोजून बदलू नका. छोट्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, पाण्याचा अंश आणि पेट्रोल तेलातच राहतं. वर्षातून एकदा, इंजिन गरम असतानाच, चेंबरचा नट खोलून सगळं काढा, फिल्टरही बदला. वर्षानुवर्षं गाळ साचलेल्या इंजिनात फ्लश मात्र घालू नये. सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत अडकतो. त्यापेक्षा तेल दोनदा लवकर बदललेलं बरं.

जुनी मोटरसायकल जपत असाल, तर तिला कारचं तेल चालत नाही. बहुतेक मोटरसायकलींत क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो आणि तो घसरतो. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं पाहूनच घ्या.

निळा धूर दिसला की अजून जाड तेल भरायचं, हा उपाय सर्रास सांगितला जातो. विकाऊ गाडीचा आवाजही असाच दाबतात. रात्रभर उभ्या गाडीनं सकाळी एक झोत सोडला आणि मग थांबली, तर व्हॉल्व्हचे गाइड किंवा सील पाहा. चढावर सतत धूर मारत असेल, तर रिंगांचं काम निघालंय. ते इंजिन खोलूनच होईल.