उंच पर्वतावरील निवारे व सांडपाण्याचा प्रश्न

गंगोत्रीहून गोमुखाकडे जाताना भोजबासा येथे, सुमारे 3,800 मीटर उंचीवर, यात्रेकरू रात्रीचा मुक्काम करतात. भागीरथीचा उगम तेथून काही किलोमीटरवरच आहे. अशा निवाऱ्यांतून निघणारे सांडपाणी कोठे जाते, हा विचार आपल्यापैकी फार थोड्यांच्या मनात येतो. जे जल आपण खाली तीर्थ म्हणून ओंजळीत घेतो, त्याच्याशी या प्रश्नाचा थेट संबंध असल्याने भाविकांसाठी ही माहिती देत आहोत.

प्रश्नाचे स्वरूप

मैल्याचे विघटन जीवाणू करतात. तापमान 10 अंशांनी उतरले की त्यांच्या कार्याची गती साधारणपणे निम्म्यावर येते. उंचावर मातीचा थर पातळ व खाली खडक असल्याने पाणी पुरेसे गाळले न जाता झऱ्यात उतरते. त्यात वर्षाची सारी गर्दी मोजक्या महिन्यांत होते. तेथील तळ्यांत पोषकद्रव्ये मुळातच अल्प असतात; म्हणून थोड्याशा नत्राने व स्फुरदानेही शेवाळ माजते.

उपलब्ध पर्याय

1) मलकुंड व शोषखड्डा : खर्च कमी, वीज लागत नाही. परंतु थंडीत शुद्धीकरण अपुरे होते. कुंडातून निघणारा मिथेन वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो.

2) मैला साठवून खाली नेणे : आल्प्स पर्वतात पिंपे हेलिकॉप्टरने उतरविली जातात. जागा स्वच्छ राहते, मात्र इंधन जळते. आणि खाली शुद्धीकरणाची सोय नसेल तर प्रश्न केवळ स्थलांतरित होतो.

3) मूत्र वेगळे करणारे कोरडे शौचालय : मानवी उत्सर्जनातील सुमारे चार पंचमांश नत्र व निम्मे स्फुरद मूत्रात असते. ते वेगळे केल्यास मैल्याचे वजन व दुर्गंधी घटते. पण मूत्राची स्वतंत्र व्यवस्था करावीच लागते. थंड हवेत मैल्याचे खत आपोआप होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

4) यांत्रिक संयंत्र : स्वित्झर्लंडमधील मोंते रोझा निवारा (2,883 मीटर, 2009) येथे जीवाणू व सूक्ष्म गाळणीच्या साहाय्याने पाणी शुद्ध करून शौचालयात पुन्हा वापरण्याची योजना आहे. पाणी उत्तम मिळते. परंतु वीज व जाणकार मनुष्य या दोन्ही गोष्टी लागतात.

5) जैवपाचक : आपल्या ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने अतिशीत सीमाभागातील जवानांसाठी या पद्धतीच्या विकासात मोलाचा वाटा उचलला, ही अभिमानाची बाब होय. थंडी सहन करणारे जीवाणू प्राणवायूविना मैल्याचे पाणी व वायू यांत रूपांतर करतात. तथापि बाहेर पडणारे पाणी पूर्णतः जंतुमुक्त नसते. त्यास वनस्पतींच्या गाळणवाफ्याची किंवा निर्जंतुकीकरणाची जोड हवी. फिनाईल वा तेजाब ओतल्यास उपयुक्त जीवाणूच मरतात.

तारतम्य

केवळ पाणी किती शुद्ध झाले, एवढेच पाहणे पुरेसे नाही. सिमेंट व यंत्रे वर नेण्यास लागणारे इंधन, विजेसाठी जळणारे डिझेल, सुटणारे वायू आणि उरणारा गाळ यांचाही हिशेब मांडावा लागतो. तसा तो मांडला असता सर्वत्र लागू पडेल असा एकच उपाय सापडत नाही. मात्र मुळातील भार कमी करणे प्रत्येक ठिकाणी हितकारक ठरते. गोमुख मार्गावर दररोज 150 व्यक्तींनाच प्रवेश देण्याचे 2008 पासूनचे धोरण या दृष्टीने समजून घ्यावे.

भाविकांस विनंती

यात्रेत शौचालयात प्लास्टिक, कापड अथवा रसायने टाकू नयेत आणि झऱ्याजवळ साबण वापरू नये. तसेच पर्वतावरील धर्मशाळेस देणगी देताना खोल्या किती बांधणार, एवढेच न विचारता, गाळ कोण उपसणार व कोठे नेणार, तसेच वार्षिक देखभालीची तरतूद काय, हेही अवश्य विचारावे. बांधकामास देणगीदार मिळतात. देखभालीस क्वचितच मिळतात, आणि चांगली योजनाही तेथेच बंद पडते.