चेन्नईतील तंजावूर मराठी : दोन भूमींचा वारसा

न्यूझीलंडमधील माओरी माणूस औपचारिक प्रसंगी आपली ओळख करून देताना आधी आपला पर्वत, आपली नदी आणि पूर्वज ज्या नौकेतून आले त्या नौकेचे नाव सांगतो. माओरी भाषेत भूमी आणि बाळंतपणातील वार या दोहोंसाठी ‘फेनुआ’ हा एकच शब्द आहे, तर भूतकाळाला ‘समोरचा काळ’ म्हटले जाते. पूर्वजांची भूमी दूर राहिल्यावर हे नाते कसे टिकवायचे, हा प्रश्न चेन्नईतील तंजावूर मराठी समाजापुढेही आहे.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७५च्या सुमारास तंजावूर जिंकले. त्यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतर सैनिक, कारकून, पुरोहित व कीर्तनकार कावेरीच्या खोऱ्यात स्थायिक झाले. दुसरे सरफोजी राजे यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. १८५५ मध्ये गादीला पुरुष वारस न उरल्याने ईस्ट इंडिया कंपनीने हे राज्य खालसा केले.

राजाश्रय संपल्यावर शिक्षण आणि सरकारी नोकरीच्या निमित्ताने अनेक कुटुंबे मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला आली. या समाजातील मुलांच्या शिक्षणासाठी येथे १९१२ मध्ये ‘महरट्टा एज्युकेशन फंड’ ही संस्था स्थापन झाली. कीर्तनाच्या परंपरेतून तमिळ हरिकथा घडली आणि साकी, दिंडी, ओवी ही वृत्ते तिच्यासोबत मद्रासच्या सभागृहांत पोहोचली.

आडनाव गेले, कुलदैवत राहिले

महाराष्ट्रात ‘कर’ प्रत्ययाचे आडनाव बहुधा मूळ गाव सांगते. तमिळ प्रदेशात नावाआधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावण्याची पद्धत आहे. ती स्वीकारताना अनेक घरांतून आडनाव गळाले आणि नावापुढे केवळ ‘राव’ उरले. त्याबरोबर मूळ गावाचा धागाही तुटला. गोत्र, कुलदैवत आणि घरात बोलली जाणारी मराठी, एवढ्याच खुणा राहिल्या.

ही मराठी महाराष्ट्रातील बोलीहून वेगळी आहे. तिच्यात काही जुनी रूपे टिकून आहेत आणि तमिळ शब्दही मिसळले आहेत. मात्र मुलांचे शिक्षण तमिळ किंवा इंग्रजीत होत असल्याने ती प्रामुख्याने बोलण्यापुरती राहिली आहे. तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतील कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. परंतु ज्यांच्या पूर्वजांच्या नोंदी त्यात असू शकतात, त्यांच्यापैकी फार थोड्यांना ती लिपी वाचता येते.

मूळ भूमी कोणती?

साडेतीनशे वर्षांनंतर या समाजाची भूमी कृष्णा-गोदावरीकाठची मानायची की कावेरीकाठची, याचे एकच एक उत्तर नाही. कुलदैवत महाराष्ट्रात असले तरी कित्येक पिढ्यांची राख कावेरीत मिसळली आहे. माओरी समाजही समुद्र ओलांडून न्यूझीलंडला आला आणि नव्या भूमीतील पर्वत-नद्यांना त्याने पूर्वज मानले. मूळ प्रवासाची स्मृती मात्र नौकेच्या नावात जपली. तंजावूर मराठी कुटुंबांसाठी त्या नौकेचे काम त्यांची बोली करते. ती घरात बोलणारे उरले नाहीत, तर हा प्रवास केवळ शिलालेखात आणि दप्तरांत उरेल.