नक्शा आधी नोंदवा, फोटो मग पाठवा

पूर्वी कापडाचा नक्शा चोरायचा म्हटले तरी मेहनत पडत असे. सॅम्पलचा तुकडा हाती लागला पाहिजे, तो ग्राफवर उतरवणारा कारीगर पाहिजे, जॅकार्डची कार्डे पंच झाली पाहिजेत. छापकाम असेल तर प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन पाहिजे. एवढे होईपर्यंत मूळ माल काढणाऱ्याचा निम्मा सिझन निघून जाई आणि त्याच्या हुनराचे चार पैसे त्याच्या पदरात पडत. आज व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो संगणकावर उघडतात, रिपीट जुळवतात आणि डिजिटल मशीनवर बिनास्क्रीनचे कापड छापून मोकळे होतात. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला तर कार्डेही लागत नाहीत. गिऱ्हाईक मिळावे म्हणून आपण जो फोटो टाकतो, तोच नकल करणाऱ्याचा कच्चा माल होतो.

मालेगाव-भिवंडीचे यंत्रमागवाले, ठशाचे छापकाम करणारे, जरी आणि आरीचे कारीगर या सर्वांचा एकच सवाल असतो: कायदा आपल्यासाठी काही करतो की नाही? करतो, पण त्याची एक अट आहे. पाऊल कोणते आधी आणि कोणते नंतर, हे चुकले की हक्क हातचा जातो.

दोन कायदे आणि पन्नासची रेषा

पहिला कायदा १९५७चा कॉपीराइट कायदा. चित्र, खत्तातीचा नमुना, फोटो हे तयार होताच त्यावर करणाऱ्याचा हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणीची सक्ती नाही. हा हक्क कलाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. फोटोच्या बाबतीत तो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे असतो. एखाद्या खत्तातने तुगरा काढला आणि कोणी विचारल्याशिवाय त्याची कॅलेंडरे छापली, तर तो याच कायद्याने दाद मागू शकतो.

दुसरा कायदा २०००चा डिझाइन कायदा. कापड, चादर, चप्पल, भांडे अशा विक्रीच्या वस्तूवरील नक्शी आणि आकार यात येतात. येथे नोंदणी केल्याशिवाय हक्क मिळत नाही. नोंदणी १० वर्षांची असते आणि आणखी ५ वर्षे वाढवता येते.

खरी अडचण या दोघांच्या मधल्या रेषेवर आहे. कॉपीराइट कायद्याचे कलम १५ सांगते की, डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगा नक्शा तुम्ही नोंदवला नाही आणि त्याचा माल कारखानदारी पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा काढला, तर त्या नक्शावरचा कॉपीराइट संपतो. यंत्रमागावर ५० नग म्हणजे किती, हे आपल्या धंद्यात कोणाला सांगायला नको. एका लॉटमध्येच ही रेषा मागे पडते.

मोठमोठ्या पेढ्याही येथे अडकल्या आहेत. सोफ्याच्या कापडाच्या नक्शांवरून मायक्रोफायबर्स कंपनीने गिरधर अँड कंपनीवर दावा केला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये अपिलातही तो मान्य केला नाही, कारण डिझाइनची नोंदणी नव्हती. रितू कुमार या नावाने कपडे विकणाऱ्या रितिका कंपनीने बिबा कंपनीवर केलेल्या दाव्याचे २०१६ मध्ये तेच झाले. नोंदणी नाही आणि नग ५० पेक्षा जास्त, म्हणून कॉपीराइट उरलेला नाही, असे कोर्टाने सांगितले. उलट तरुण ताहिलियानी यांच्या कंपनीच्या प्रकरणात २००८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, कारण त्यांचा एकेक पोशाख २० पेक्षा जास्त काढला जात नव्हता.

यावरून हिशेब सोपा आहे. हाताचे, मोजक्या नगांचे काम असेल तर कॉपीराइट पाठीशी आहे. माल लॉटने निघणार असेल तर डिझाइनची नोंदणी केल्याशिवाय गत्यंतर नाही.

दाखवण्याआधी नोंद

डिझाइन कायद्याच्या कलम ४ प्रमाणे नक्शा नवा पाहिजे. अर्ज करण्याआधी तो देशात किंवा परदेशात कोठेही जाहीर झाला असेल तर नोंदणी मिळत नाही, आणि मिळाली असली तरी रद्द होऊ शकते. दुसऱ्याने जाहीर केला असेल तर अडते, तसे आपणच इन्स्टाग्रामवर किंवा व्यापाऱ्यांच्या मोठ्या ग्रुपवर टाकला असेल तरीही अडते. नकल करणाऱ्याचा वकील सर्वप्रथम आपली जुनी पोस्टच शोधून काढतो.

मग नमुना दाखवल्याशिवाय ऑर्डर कशी मिळणार? कायद्याने कापडवाल्यांची ही गरज ओळखली आहे. कलम १६ प्रमाणे, नोंदवायच्या नव्या कापड-नक्शाची पहिली ऑर्डर गुप्ततेच्या अटीवर घेतली असेल तर ती जाहीर करणे मानले जात नाही. तेव्हा पहिल्या पार्टीला नमुना दाखवताना 'हा नक्शा गोपनीय आहे, नोंदणी व्हायची आहे' एवढे लिहून तिच्याकडून कबुली घ्यावी. मेसेजवर घेतली तरी ती पुरावा म्हणून कामाला येते.

अर्ज पेटंट कार्यालयाकडे होतो. डिझाइनचे काम कोलकात्यातून चालते, पण अर्ज ऑनलाइन किंवा मुंबईत अँटॉप हिल येथील कार्यालयातही देता येतो. एकट्या कारीगराला आणि लहान उद्योगाला अर्जाची सरकारी फी १००० रुपये आहे. एजंटाची फी वेगळी, ती आधी ठरवून घ्यावी. प्रत्येक नक्शा नोंदवणे परवडत नाही हे खरे. सिझनचे जे चार-पाच नक्शे चालतील असे वाटते, तेवढे तरी नोंदवावेत. साध्या पट्ट्या, चौकडी किंवा पिढ्यानपिढ्या चालत आलेली बुट्टी आपल्या नावावर होईल अशी आशा धरू नये.

नक्शाचा मालक कोण?

व्यापारी पैसे देऊन नक्शानवीसाकडून नक्शा करून घेतो. डिझाइन कायद्यात अशा वेळी साधारणपणे करून घेणारा मालक ठरतो. कारीगराला आपला हक्क ठेवायचा असेल, किंवा तोच नक्शा दुसऱ्याला विकायचा नाही अशी व्यापाऱ्याची अट असेल, तर ते आधी कागदावर यावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरहमध्ये आहे. तीच सवय नक्शाच्या सौद्यातही ठेवली तर पुढची भांडणे टळतील.

याशिवाय पहिले कच्चे रेखाटन, ग्राफ, संगणकातील मूळ फाइल, सॅम्पलिंगचे बिल आणि पहिल्या लॉटचे चलन तारखेसह एका फाइलीत ठेवावे. ग्रुपवर टाकायचा फोटो लहान आणि कमी तपशिलाचा असावा, कापड घडी घालून दाखवावे, पूर्ण रिपीट सपाट पसरून दाखवू नये. दुकानाचे नाव कोपऱ्यात नको, नक्शीवरच आडवे टाकावे.

चोरी झालीच तर

प्रथम पुरावा गोळा करावा: स्क्रीनशॉट, दुवा, तारीख, आणि शक्य तर त्याच्याकडून एक नग बिलासह विकत घ्यावा. पुष्कळदा नकल करणारा आपलाच फोटो उचलून आपल्या मालाखाली लावतो. हे त्याला महागात पडू शकते. नक्शावरचा हक्क गेला असला तरी फोटो ही स्वतंत्र कलाकृती आहे आणि तिला पन्नासची रेषा लागत नाही. फोटोच्या मालकाने लेखी तक्रार दिल्यावर ऑनलाइन कंपनीने ३६ तासांत ती सामग्री बंद करावी, असा कॉपीराइटचा २०१३चा नियम आहे. ही बंदी २१ दिवस राहते, तेवढ्यात कोर्टाचा हुकूम आणावा लागतो.

नोंदणीकृत डिझाइनची नकल झाली तर मनाई हुकूम आणि नुकसानभरपाईचा दावा करता येतो, किंवा प्रत्येक वेळेला २५,००० रुपयांपर्यंत, एका डिझाइनमागे जास्तीत जास्त ५०,००० रुपये वसूल करता येतात. रक्कम फार नाही. खरा उपयोग मनाई हुकमाचा आहे, कारण त्याने माल थांबतो.

पुराव्याची ताकद किती असते हे २०१८ मध्ये दिसले. 'एल' मासिकाच्या मुखपृष्ठावर सोनम कपूर यांनी घातलेल्या डिओर कंपनीच्या पोशाखावर दिल्लीच्या पीपल ट्रीला आपला ठशाचा छाप ओळखू आला. त्यांनी आपले जुने काम लोकांपुढे शेजारी ठेवून दाखवले आणि प्रकरण कोर्टाबाहेर मिटले.

आपल्याच बाजारातील नकल

माझ्या गाळ्यावर दर सिझनला कोणी ना कोणी दुसऱ्याच्या मालाचा फोटो घेऊन येतो आणि म्हणतो, 'हाच नक्शा, मीटरमागे कमी भावात काढून द्या.' नकल करणारा नेहमी परका नसतो. तो आपल्याच गल्लीतला असतो, एकाच सफेत नमाजला उभा राहणारा असतो.

या बाबतीत शरीअतची बाजूही माहीत असावी. बर्र-ए-सगीरच्या काही जुन्या उलेमांचे मत वेगळे होते. पण डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ठराव केला की, लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांचे हक्क शरीअतच्या दृष्टीने संरक्षित आहेत आणि त्यांवर अतिक्रमण जायज नाही. तेव्हा दुसऱ्याच्या मेहनतीचा नक्शा गुपचूप मागावर चढवताना, ही रोजी हलाल आहे का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

व्यापारी बंधूंनो, रमजान ईदच्या सिझनचे नक्शे काही महिने आधीच तयार होतात. फोटो काढण्याआधी त्यातले कोणते नोंदवायचे ते बसून ठरवा. अर्ज गेला, पावती हातात आली, की मग खुशाल सगळ्या ग्रुपांवर टाका.