कोलंबोतली रात्र, मालेतला जुमा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण मालदीवला गेलो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझी अम्मी. मुंबईहून मालेला थेट विमान आहे, पण कोलंबोमार्गे तिकीट स्वस्त पडत होतं. कोलंबोपर्यंत अडीच तास, पुढे मालेपर्यंत दीड तास आणि मधे नऊ तास थांबा. हे नऊ तास मी तिकिटावर वाचले होते, त्यांचा विचार केला नव्हता.

कोलंबोच्या विमानतळावर रात्री जेवायला बसलो. अम्मीने इन्सुलिन मागितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. ते मोठ्या बॅगेत होतं आणि बॅग मुंबईतूनच थेट मालेला लावलेली. शुगर तपासायचं यंत्रही त्यातच. शाळेच्या सहलीत पन्नास मुलांची औषधं मी जवळ बाळगते आणि सख्ख्या आईची बॅगेत! अम्मी काही बोलली नाही. भात बाजूला सारून थोडं वरण प्यायली, कोपऱ्यात जानमाज अंथरून इशाची कस्र पढली. मी रात्रभर तिच्याकडे बघत बसले.

मालेत पोहोचताच तपासलं, तर शुगर २९० च्या वर. सामानाच्या कप्प्यातल्या थंडीने इन्सुलिन बिघडू शकतं, म्हणून ते वापरायची हिंमत झाली नाही. फोनमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो होता. त्यावर शहरातल्या इस्पितळात नवीन मिळालं. विमानतळ वेगळ्या बेटावर आहे, पण २०१८ पासून पूल असल्याने टॅक्सी थेट शहरात जाते.

पुढे आम्हाला माफुशी बेटावर जायचं होतं. सरकारी फेरी दीड तासात नेते आणि फार स्वस्त. पण तो दिवस शुक्रवार, फेरी बंद! मुसलमान देशात जुम्याची सुट्टी असणार, हे आपल्याला नाही सुचलं तर कुणाला सुचणार? स्पीडबोट होती, तीही नमाजनंतर.

लांबच्या बेटावर जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं. पाण्यावर उतरणारी छोटी विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. मालेला संध्याकाळी पोहोचलात तर रात्रीच्या हॉटेलचा खर्च वाढतो. आणि दोन वेगळी तिकिटं काढलीत तर कोलंबोत सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं. त्यासाठी बाहेर पडायचं, म्हणजे श्रीलंकेची परवानगी हवी. आमचं तिकीट एकच होतं, एवढं तरी नशीब.

हे आणि मुलगा इस्लामिक सेंटरच्या मोठ्या मशिदीत जुम्याला गेले. आम्ही तिघी जवळची जुनी मशीद बाहेरून बघत राहिलो. १६५८ सालची, प्रवाळाच्या दगडाची, भिंतींवर बारीक कोरीव काम. इमारतीचं तोंड सरळ पश्चिमेला आहे, पण तिथून किब्ला वायव्येकडे, म्हणून आत सफा तिरक्या लागतात. इब्न बतूता १४व्या शतकात याच शहरात काझी होते, हे सांगितल्यावर मुलीने विचारलं, त्यांचंही विमान चुकलं होतं का?

साडेतीनला बोट सुटली. इन्सुलिनची पिशवी अम्मीने स्वतःच्या मांडीवर घेतली होती. मला हात लावू दिला नाही.